रोजची कृपा रोज वेचावी



मृगाचे दिवस जवळ आले की आपल्या भागात घरोघरी तेच बोलणे चालते. पाऊस वेळेवर लागेल का? बियाणे चांगले मिळेल का? सोसायटीचे जुने कर्ज फिटले नाही, मग नवे कसे मिळणार? मुलाची फी भरायची की खताची पोती आणायची? २०१९ च्या ऑगस्टमध्ये बेळगाव जिल्ह्यात मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय या नद्यांना महापूर आला आणि उभी पिके पाण्याखाली गेली. २०२३ साली पावसाने पाठ फिरवली आणि कर्नाटकातील बहुतेक तालुके दुष्काळग्रस्त म्हणून जाहीर झाले. म्हणजे चार वर्षांच्या आत एकाच शेतकऱ्याने पाणी फार झाल्याचेही दुःख पाहिले आणि पाणी नसल्याचेही पाहिले.

अशा दिवसांत आपण रविवारी मिस्सेला जातो. फादर वेदीवरून देवाच्या कृपेचा आशीर्वाद देतात. आपण आमेन म्हणतो व घरी येतो. पण सोमवारी सकाळी बांधावर उभे राहिले की मनात येते, ही कृपा नेमकी आहे तरी कोठे? चिखलात उभ्या असलेल्या माणसाला ती कशी मिळते? याच प्रश्नाचा आज आपण विचार करू.

दोन चुकीच्या वाटा

कृपेविषयी आपल्यात दोन प्रकारचे लोक दिसतात. पहिले म्हणतात, सर्व काही देवाच्या हातात आहे, आपण काय करणार? बी कसेही पेरा, देवाला द्यायचे असेल तर तो देईल. मूल आजारी पडले तर म्हणतात, देवाची इच्छा असेल तसे होईल. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्या वाडवडिलांनी अशाच माणसांसाठी केली. या वागण्याला श्रद्धा म्हणता येत नाही. तो आळस आहे, आणि पुष्कळदा भीतीही.

दुसरे लोक याच्या अगदी उलट. ते म्हणतात, माझे दोन हात हाच माझा देव. प्रार्थना रविवारपुरती ठीक आहे, बाकीचे सहा दिवस मलाच ओझे ओढायचे आहे. हे लोक कष्टाळू असतात, पण एखादे वर्ष बुडाले की पार खचून जातात. कारण सारा भार त्यांनी एकट्याच्या खांद्यावर घेतलेला असतो.

ख्रिस्तसभेची शिकवण या दोन्ही वाटांहून वेगळी आहे. देवाची कृपा ही फुकट मिळालेली देणगी आहे, ती आपल्या कमाईची नाही. पण ती आपल्या कष्टांना बाजूला सारत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात हेच समजावून सांगितले, की कृपा माणसाचा स्वभाव आणि त्याची बुद्धी मोडून टाकत नाही, उलट ती त्यांना पूर्णत्वाला नेते. देवाने दिलेली अक्कल वापरणे हाही कृपेला दिलेला होकारच आहे.

ओल आणि सर

धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण कृपेचे दोन प्रकार शिकलो. एक पावनकारक कृपा. ती बाप्तिस्म्याच्या वेळी आत्म्यात येते आणि आपल्याला देवाची लेकरे करते. मोठ्या पापाने ती गमावते आणि प्रायश्चित्त संस्काराने परत मिळते. दुसरी साहाय्यक कृपा. ती प्रसंगाप्रसंगाला मिळणारी मदत आहे. राग आवरावा, खरे बोलावे, कंटाळा आला तरी उठावे, यासाठी देव आतून जो हात देतो ती ही कृपा.

शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. पावनकारक कृपा म्हणजे जमिनीतील ओल. साहाय्यक कृपा म्हणजे गरजेच्या वेळी येणारी पावसाची सर. ओल टिकलेली असेल तर एक छोटी सरही पिकाला उभे करते. जमीन दगडासारखी घट्ट झाली असेल तर मोठा पाऊसही वरच्या वर वाहून जातो. आणि वाफसा आल्याशिवाय आपण कुळव घालत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे. फार ओले असले तरी चालत नाही, फार वाळले तरी नाही. मनालाही असा वाफसा लागतो. रोजची थोडी प्रार्थना, वेळच्या वेळी कुमसार आणि परमप्रसाद यांनी मन वाफशावर राहते.

मान्नाचा धडा

इस्राएल लोक मिसर देशातून निघाले आणि रानात आले. खायला काही नव्हते. तेव्हा देवाने त्यांना मान्ना दिला. निर्गमाच्या १६ व्या अध्यायात ही हकीकत आहे. रोज पहाटे दव सुकले की जमिनीवर बारीक पांढरा पदार्थ पडलेला दिसे. प्रत्येकाने आपल्या घरच्या माणसांना पुरेल एवढा वेचायचा असा नियम होता. ऊन चढले की तो विरघळून जाई. काहींनी हाव धरून दुसऱ्या दिवसासाठी ठेवला, तर त्यात किडे पडले व दुर्गंधी सुटली. मात्र सहाव्या दिवशी दुप्पट वेचण्याची आज्ञा होती, म्हणजे सातवा दिवस विसाव्याचा राहील. त्या दिवशीचा साठा नासला नाही. अशी ४० वर्षे गेली.

या हकीकतीत आपल्यासाठी तीन गोष्टी आहेत. पहिली, मान्ना देवाने दिला, लोकांनी तो पिकवला नव्हता. दुसरी, तो कोणाच्या तोंडात येऊन पडला नाही. पहाटे उठून, वाकून, तो वेचावा लागला. तिसरी, तो आजच्यापुरता होता. कालचा चालत नव्हता आणि उद्याचा आज मिळत नव्हता.

प्रभू येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही आपण भाकर मागतो ती आजची. पुढच्या वर्षाची हमी त्या प्रार्थनेत नाही. शेतकऱ्याला हे जड वाटते, कारण त्याचा सारा विचार हंगामाचा असतो. पण कृपा हंगामाच्या हिशेबाने येत नाही, दिवसाच्या हिशेबाने येते. पुढच्या मार्चमध्ये कर्जाचा हप्ता भरायला लागणारे बळ आज जूनमध्ये मिळणार नाही. आज मिळेल ते आजची भांगलण करण्याचे, आज घरात शांतपणे बोलण्याचे, आज आजाऱ्याला दवाखान्यात नेण्याचे बळ.

नांगराच्या मागे

शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचा सण १५ मे रोजी येतो. आपल्याकडे ही पेरणीपूर्व मशागतीची वेळ असते. इसिदोर हे स्पेनमधील माद्रिदजवळ दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारे शेतमजूर होते. त्यांची पत्नी मरिया हीदेखील तेवढीच भाविक. शेकडो वर्षांनी, १२ मार्च १६२२ रोजी, पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्यांना संतपद दिले. त्याच दिवशी संत फ्रान्सिस झेवियर यांनाही संतपद मिळाले, ज्यांचे पवित्र अवशेष जुन्या गोव्यात आहेत. त्यांच्याबरोबर लोयोलाचे संत इग्नेशियस, आविलाची संत तेरेजा आणि संत फिलिप नेरी हेही होते. एवढ्या मोठ्या विद्वानांच्या व धर्मप्रचारकांच्या रांगेत ख्रिस्तसभेने एक नांगऱ्या बसवला, हे आपण विसरू नये.

इसिदोर यांच्याविषयी एक आख्यायिका आहे. ते रोज पहाटे मिस्सेला जात आणि म्हणून कामावर उशिरा येतात, अशी तक्रार सोबतच्या गड्यांनी मालकाकडे केली. मालक पाहायला आला, तर इसिदोर यांच्या शेजारी देवदूत नांगर धरून चाललेले त्याला दिसले. पुष्कळ लोक या गोष्टीचा अर्थ असा घेतात, की प्रार्थना केली की काम आपोआप होते. पण नीट पाहा. कथेत इसिदोर स्वतःही नांगर धरून आहेत. देवदूत त्यांच्या बरोबरीने चालतात, त्यांच्या ऐवजी नव्हे.

आमच्या भागात मे महिन्याच्या शेवटी पुष्कळ शेतकरी धूळवाफेवर भात पेरतात. पाऊस आलेला नसतो, जमीन कोरडी असते, तरी बी मातीत जाते. हे विश्वासाचे काम आहे. पण विश्वासाने पेरायचे बी पोचट असू नये. म्हणून पेरणीपूर्वी एक सोपे काम करावे. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवावे. त्यात भाताचे बी ओतून ढवळावे व थोडे स्थिर होऊ द्यावे. वर तरंगणारे हलके, पोकळ व रोगट बी काढून टाकावे. तळाशी बसलेले भरीव बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवावे, म्हणजे मिठाचा अंश राहणार नाही. मग ते सावलीत २४ तास वाळवावे. त्यानंतर कृषी खात्याच्या सल्ल्याप्रमाणे बुरशीनाशक किंवा जिवाणू खत चोळावे. मिठाचा खर्च अगदी थोडा, पण रोपे सारखी व जोमदार येतात. बी आशीर्वादासाठी वेदीपाशी नेण्याची ज्यांच्याकडे रीत आहे, त्यांनी ते आधी मिठाच्या पाण्यातून काढून मग न्यावे. देवापुढे ठेवायचे ते भरीव असावे.

आजाऱ्याच्या उशाशी

आपल्या बायबलमध्ये बेनसिराचा ग्रंथ आहे. त्याचा ३८ वा अध्याय प्रत्येक कुटुंबाने एकदा तरी वाचावा. वैद्याचा मान राखा, कारण त्यालाही देवानेच नेमले आहे, आणि औषधे देवाने जमिनीतून निर्माण केली आहेत, शहाण्याने ती नाकारू नयेत, असा त्याचा आशय आहे. त्याच अध्यायात आजाऱ्याला प्रार्थना करण्यासही सांगितले आहे. म्हणजे प्रार्थना आणि औषध ही दोन्ही एकाच देवाची. एकाला धरून दुसऱ्याला सोडणे बरोबर नाही.

कृपा किती साध्या वस्तूंतून येते याचे एक उदाहरण पाहा. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, साखर आणि पाणी यांचे मिश्रण आजाऱ्यांना पाजायला सुरुवात केली. आजाऱ्यांचे नातेवाईकही ते पाजू शकत होते. मृत्यूचे प्रमाण शेकडा ३० च्या आसपास होते, ते शेकडा ४ च्या आत आले. पुढे जगभर हा उपाय मान्य झाला. डॉ. महालनबिस २०२२ साली निवर्तले. ते ख्रिस्ती नव्हते. पण जखमी माणसाला उचलून नेणारा शोमरोनीही यहुद्यांच्या दृष्टीने परकाच होता. देव आपली मदत कोणाच्या हातून पाठवील याची यादी आपण करू नये.

पावसाळ्यात हगवण लागली, विशेषतः लहान मुलाला, तर हे पाणी लगेच द्यावे. आरोग्य केंद्रात ओआरएसची पुडी मिळते, ती पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त होऊ देऊ नये. थोडे थोडे, वारंवार पाजावे. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध बंद करू नये. जस्ताच्या गोळ्या आरोग्य सेविकेच्या सांगण्याप्रमाणे १४ दिवस द्याव्यात. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी होईना, शौचात रक्त दिसले किंवा पाणी पोटात राहीना, तर एक क्षणही न दवडता दवाखान्यात न्यावे.

भाताच्या चिखलात काम करणाऱ्यांना आणखी दोन धोके असतात. पहिला लेप्टोचा ताप. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून हा रोग पायावरील जखमेवाटे शरीरात शिरतो. जोराचा ताप, पोटऱ्या फार दुखणे, डोळे लाल होणे ही त्याची लक्षणे. पुढे कावीळ होऊ शकते व मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो. पायाला जखम असेल तर ती झाकावी, शक्य तर गमबूट वापरावेत आणि ताप आल्यास डॉक्टरांना आपण शेतात पाण्यात काम करतो हे आवर्जून सांगावे. वेळेवर औषध मिळाले तर हा रोग बरा होतो.

दुसरा धोका सर्पदंशाचा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांपासून आपल्याकडे विशेष भय असते. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा वेदनाही होत नाहीत. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात. म्हणून शक्यतो खाटेवर, मच्छरदाणी खोचून झोपावे. साप चावल्यास माणसाला धीर द्यावा, त्याला चालवू नये, अंगठी व बांगड्या काढाव्यात, चावलेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. घट्ट दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, रक्त चोखणे हे प्रकार करू नयेत. मंत्र घालणाऱ्याकडे वेळ घालवू नये. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी व विषावरील लस असलेला दवाखाना गाठावा. वाटेत जपमाळ म्हणा, पण वाट धरा ती दवाखान्याची.

साठवण आणि काळजी

कोणी विचारील, मान्ना साठवला की नासत होता, मग आम्ही काही शिल्लक टाकूच नये काय? तसे नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारांत साठवला. त्यानेच दुष्काळाच्या सात वर्षांत लोक जगले. ती योजनाही देवानेच सुचवली होती. सहाव्या दिवसाचा दुप्पट मान्नाही नासला नाही. तेव्हा दूरदृष्टीने केलेली तरतूद ही कृपेचीच आहे. नासते ते देवावर अविश्वास धरून, दुसऱ्याचा वाटा दाबून ठेवलेले.

म्हणून घरचे बियाणे राखून ठेवावे. बचत गटात थोडेतरी टाकावे. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ पासून चालू आहे. तीत खरिपाच्या अन्नधान्य पिकांना शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या शेकडा २ पर्यंत, रब्बीला दीड आणि नगदी व बागायती पिकांना ५ पर्यंत आहे. गारपीट, शेतात पाणी साचणे किंवा कापून ठेवलेले पीक भिजणे अशा नुकसानीची खबर ७२ तासांच्या आत द्यावी लागते. पुष्कळांची भरपाई केवळ उशिरामुळे बुडते. विमा उतरवणे म्हणजे देवावर विश्वास नसणे, असे कोणी समजू नये.

पण काळजी ही वेगळी गोष्ट आहे. काळजीत माणूस उद्याचे ओझे आज उचलतो, आणि उद्याची कृपा आज मिळालेली नसते. म्हणून तो मोडतो. आमच्या धर्मग्रामांच्या आसपासही कर्जापायी खचून जीव दिलेली माणसे झाली. यावर आपण उघडपणे बोलले पाहिजे.

संदेष्टा एलिया याच्यावरही अशी वेळ आली होती. राजांच्या पहिल्या ग्रंथात १९ व्या अध्यायात ते आहे. तो रानात एका झुडपाखाली बसला आणि आता मरण दे असे त्याने देवाला म्हटले. तेव्हा देव रागावला नाही. त्याने त्याला उपदेशही केला नाही. एलिया झोपी गेला. देवदूताने त्याला हलवून उठवले, निखाऱ्यावर भाजलेली भाकर व पाण्याची सुरई पुढे ठेवली आणि खाण्यास सांगितले. तो खाऊन पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवले, पुन्हा खाऊ घातले, कारण पुढची वाट लांबची होती. खचलेल्या माणसाला देवाने प्रथम काय दिले? झोप, भाकर, पाणी आणि सोबत. उपदेश नंतर.

आपल्या घरात किंवा शेजारी कोणी अचानक गप्प झाला, जेवेना, झोपेना, दारू वाढली, सर्वांचा निरोप घेतल्यासारखे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. त्याला भित्रा किंवा पापी म्हणू नका. त्याच्यासोबत बसा, जेवू घाला, सरळ विचारा. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालतो. आणि तणनाशके व कीटकनाशके घरात उघड्यावर ठेवू नका. ती कुलपात ठेवा, शक्य तर किल्ली दुसऱ्याजवळ असू द्या. दारूच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर ती कधीच ओतून ठेवू नका. पॅराक्वॅटसारख्या तणनाशकावर उताराच नाही. रागाचा किंवा निराशेचा तो झटका पुष्कळदा थोड्या वेळाने ओसरतो. त्या थोड्या वेळात विष हाताशी नसले तर एक जीव वाचतो. कुलूप हे लोखंडाचे असते, पण एखाद्या रात्री तेच कृपेचे साधन होते.

कर्ज असेल तर ते बायकोपासून, वडील मुलापासून लपवू नका. सारे देणे एका कागदावर लिहा. नैसर्गिक आपत्ती जाहीर झालेल्या भागात पीककर्जाची मुदत वाढवून देण्याची बँकांना मुभा असते, त्याबद्दल लेखी अर्ज द्या. ज्या घरातील माणूस अशा रीतीने गेला आहे, त्या घराला आम्ही एवढेच सांगतो. १९९२ च्या कॅथोलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट शिकवण आहे, की आत्महत्या केलेल्यांच्या तारणाविषयी आपण आशा सोडू नये. पश्चात्तापाची संधी त्यांना कशी द्यावी हे देव जाणतो. ख्रिस्तसभा त्यांच्यासाठी प्रार्थना करते. तुम्हीही त्यांच्यासाठी मिस्सा ठेवा. आणि बाकीच्यांनी त्या घराचा उंबरा ओलांडणे बंद करू नये.

वाटून घेतलेली कृपा

गोव्यात ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त होते. राय येथे ५ ऑगस्टला, ताळगाव येथे २१ ऑगस्टला. नवी भाताची कणसे कापतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि ती लोकांना वाटतात. प्रत्येक कुटुंब ती घरी नेऊन देवापाशी ठेवते. यातील एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आशीर्वाद सगळी मळणी होऊन पोती घरात आल्यावर घेत नाहीत, पहिल्या कणसालाच घेतात. आणि ती कणसे एकाच्या घरात राहत नाहीत, वाटली जातात.

मान्ना वेचताना कोणी जास्त वेचला, कोणी कमी. पण मोजून पाहिल्यावर कोणाला उरला नाही आणि कोणाला कमी पडला नाही. आपल्या वाडीतही असेच असावे. विधवेच्या शेताची लावणी राहिली असेल तर चार घरांनी मिळून एक सकाळ द्यावी. ज्याची बैलजोडी गेली त्याला एक दिवस आपली जोडी द्यावी. त्याच्यासाठी आजची कृपा कदाचित तुमच्या दावणीला बांधलेली असेल.

दिवस मावळताना

संध्याकाळी जपमाळेच्या आधी किंवा नंतर घरातील मोठ्याने सर्वांना दोन प्रश्न विचारावेत. आज देवाने काय दिले? आणि आज आपण कोठे चुकलो? पहिल्या प्रश्नाला मुले चटकन उत्तरे देतात. गाय व्याली, पाऊस पडला, आजीचा ताप उतरला. मोठ्यांना वेळ लागतो, कारण आपली नजर उणे शोधायला सरावली आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने सांगण्याची सक्ती नको. प्रत्येकाने मनात क्षमा मागावी. ज्याच्यावर ओरडलो त्याच्याशी झोपण्यापूर्वी गोड बोलावे. कालचा मान्ना जसा नासत होता, तसाच कालचा रागही नासतो आणि घरभर दुर्गंधी करतो.

रविवार पाळावा. देवाने विसाव्याचा दिवस मालकाबरोबर गड्यालाही दिला, आणि बैल व गाढव यांचीही नावे घेऊन दिला. जनावरांना त्या दिवशी जुंपू नये. पीक वाहून जाण्याची खरी अडचण असेल तर ख्रिस्तसभा आडकाठी करत नाही, पण लोभाला अडचण म्हणू नये.

संत पौलालाही एक दुखणे होते. ते दूर व्हावे म्हणून त्याने तीनदा विनंती केली. दुखणे गेले नाही. आपली कृपा तुला पुरे आहे, अशा आशयाचे उत्तर त्याला मिळाले. कृपा म्हणजे सर्व अडचणी नाहीशा होणे, असे वचन कोठेच नाही. आजच्या अडचणीतून आज पार होण्याइतके बळ मिळेल, असे मात्र वचन आहे. रानात ४० वर्षे चाललेल्या लोकांना एका दिवशीही वर्षाची शिदोरी मिळाली नाही. तरी ते पोचले.

या आठवड्यात करावयाच्या गोष्टी

१. सकाळी कामाला लागण्यापूर्वी पाच मिनिटे कुटुंबाने एकत्र प्रार्थना करावी. मागणे आजच्यापुरते असावे.

२. पेरणीचे भात मिठाच्या पाण्यातून काढावे.

३. घरात ओआरएसच्या चार पुड्या आणून ठेवाव्यात व मीठ-साखरेचे प्रमाण स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहावे.

४. औषधफवारणीचे सर्व डबे कुलपात ठेवावेत.

५. देणे-घेणे एका कागदावर लिहून नवरा-बायकोने बरोबर वाचावे. विम्याची मुदत विचारून घ्यावी.

६. बरेच दिवस चर्चमध्ये न दिसलेल्या एका शेजाऱ्याच्या घरी जाऊन यावे. जाताना काहीतरी खाण्याचे न्यावे.

७. शनिवारी कुमसार घ्यावा व रविवारी सर्वांनी मिळून परमप्रसाद स्वीकारावा.

यांतील एकही गोष्ट मोठी नाही आणि एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही. उद्या पाऊस येईल की नाही हे देवावर सोपवू या, आणि आज वेचायचे आहे ते आज वेचू या.